प्रश्न ऐकून मगच उत्तर देणारी स्क्रिप्ट

समजा, रोज रात्री दुसऱ्या सर्व्हरवरची एक फाइल आपल्याला एसएफटीपीने आणायची आहे आणि दर वेळी पासवर्ड टाइप करावा लागतो. तो पाइपने, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडून, देऊन पाहिला तर चालत नाही. कारण पासवर्ड एसएफटीपी थेट टर्मिनलकडेच मागतो.

इथे एक्स्पेक्ट कामी येतं. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेत डॉन लिब्स यांनी १९९०च्या सुमारास ते टीसीएल भाषेवर उभारलं. ते प्रोग्रामला आभासी टर्मिनल पुरवतं, त्यामुळे समोर माणूसच बसला आहे असं प्रोग्राम धरून चालतो.

आधी ‘स्पॉन’ने एसएफटीपी सुरू करा.

मग ‘एक्स्पेक्ट’ला सांगा की पडद्यावर ‘पासवर्ड’ हा शब्द येईपर्यंत थांब. पहिलं इंग्रजी अक्षर कुठे मोठं, कुठे लहान असतं, म्हणून जाणकार ते गाळून उरलेला शब्दच शोधतात.

आता ‘सेंड’ने पासवर्ड पाठवा. शेवटी एंटर म्हणून ‘बॅकस्लॅश आर’ लिहा. पासवर्डमध्ये डॉलर किंवा चौकोनी कंस असेल तर तो महिरपी कंसात ठेवून वेगळ्या ‘सेंड’ने पाठवा, नाहीतर टीसीएल त्याचा भलताच अर्थ लावेल; ‘बॅकस्लॅश आर’ मात्र या कंसाबाहेरच ठेवा.

लॉगिन झाल्यावर ‘गेट’ पाठवून फाइल मागवा. खरी गफलत होते ती त्यानंतर. एक्स्पेक्ट एरवी फक्त १० सेकंद वाट बघतं. तेवढ्यात अपेक्षित मजकूर आला नाही, तर ते तक्रार न करता पुढच्या ओळीवर जातं. स्क्रिप्ट संपते, आभासी टर्मिनल बंद होतं आणि मोठी फाइल अर्धवट राहते; सकाळपर्यंत कुणाला पत्ता नसतो. म्हणून टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची मुदत, वाढवा. ती उलटल्यास काय करायचं तेही लिहा: संदेश छापा आणि चूक दर्शवणारा एक्झिट कोड देऊन बाहेर पडा.

एसएफटीपीचा प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची कमांड मागणारी खूण, परत आला म्हणून फाइल आली असं मानू नका. फाइल नसली तरी तो येतोच. ‘फाइल सापडली नाही’ हा संदेशही त्याच ठिकाणी, प्रॉम्प्टच्या आधी, तपासा.

शेवटी ‘बाय’ पाठवून ‘ईओएफ’ची, म्हणजे प्रोग्राम पूर्ण बंद होण्याची, वाट पाहा.

पहिल्या जोडणीला सर्व्हरची ओळख मान्य आहे का, असं विचारलं जातं. स्क्रिप्टकडून डोळे मिटून ‘यस’ म्हणवू नका; ती ओळख एकदा स्वतः पडताळा.

स्क्रिप्टमध्ये पासवर्ड उघडा असतो, तेव्हा स्क्रिप्टची फाइल फक्त आपल्यालाच वाचता येईल अशी परवानगी लावा. सर्व्हर एसएसएच की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, स्वीकारत असेल तर मात्र हा खटाटोप टाळा: की आणि एसएफटीपीचा बॅच मोड, म्हणजे कमांडची यादी आपोआप चालवणारा प्रकार, वापरा. फाइल आणता आली नाही, तर तो स्वतःच थांबून चूक कळवतो.