गटाची सहल: पूर्ण होडी ठरवताना

बचत गटाची सहल म्हटली की बहुधा देवदर्शन डोळ्यांसमोर येते. पण हल्ली कासू, वडखळ, नागोठण्याच्या बाजूच्या बायकाही विचारतात, "मालवणला जाऊन ते पाण्याखालचे मासे बघता येतील का? आम्हाला पोहता येत नाही, तरी चालेल का? आमच्या गटापुरती वेगळी होडी मिळेल का?" आजचे बोलणे याच प्रश्नांवर आहे. मासे बघता येतील, पोहता येत नसले तरी बघता येतील आणि वेगळी होडीही मिळेल. मात्र पैसे देण्याआधी काही गोष्टी विचारून घ्यायच्या आणि काही गोष्टींना ठाम नाही म्हणायचे.

आधी हे बघू, की त्यासाठी मालवणलाच का जायचे? समुद्र तर आपल्यालाही जवळ आहे. आपल्या धरमतरच्या खाडीचे पाणी आठवा. अंबा नदी गाळ घेऊन येते, दिवसातून दोनदा भरती-ओहोटी तो गाळ ढवळते. अलिबाग-मुंबईकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते. एवढे पाणी आत-बाहेर होत असताना तळ कसा दिसणार? मालवणकडे हाच चढ-उतार साधारण दोन-अडीच मीटरचा आहे. शिवाय तिथे किनाऱ्याजवळ खडक आहेत आणि त्या खडकांवर प्रवाळ आहे. म्हणून थंडीच्या दिवसांत तिथले पाणी नितळ होते आणि खडकांतले रंगीत मासे वरूनही दिसतात.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा हा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे आणि त्यात किल्ला व पद्मगडाचा भाग येतो. किल्ल्याची पायाभरणी शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर केली आणि १६६७ पर्यंत काम पुरे झाले. चहूबाजूंनी खारे पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. ज्यांनी आयुष्यभर पाणी भरले आहे त्यांनी त्या विहिरी जरूर बघाव्यात. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात सिंधुदुर्ग आहे आणि आपल्या थळसमोरचा खांदेरीही आहे.

आता स्नॉर्कलिंग म्हणजे काय ते समजून घेऊ. हे खोल बुडी मारणे नव्हे. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जातात ते स्कूबा. स्नॉर्कलिंगमध्ये आपण पाण्यावर पालथे तरंगायचे. डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मास्क असतो, तोंडात एक नळी धरायची असते आणि तिचे दुसरे टोक पाण्याबाहेर राहते. श्वास फक्त तोंडाने घ्यायचा. पोहता न येणाऱ्या बाईला लाइफ जॅकेट घालून, हवेची रिंग धरायला देऊन गाईड सोबत नेतो. म्हणून पोहणे येत नसले तरी जमते. पण एक अट आहे: गाईड पाण्यात आपल्याबरोबर हवा, होडीत बसून सूचना देणारा नको. आणि एका गाईडकडे एका वेळी एक-दोनच बायका असाव्यात.

पाण्यात उतरण्याआधी होडीतच मास्क लावून तोंडाने दहा-वीस श्वास घेऊन बघा. मास्कच्या कडेखाली केस अडकला तर पाणी आत शिरते, म्हणून केस घट्ट मागे बांधा. टिकली, कानातले, मंगळसूत्र, बांगड्या मुक्कामाच्या जागी ठेवा. साडी किंवा ओढणी घेऊन पाण्यात उतरू नका. ओले कापड जड होते आणि पायात गुंतते. अंगाबरोबरचा कुर्ता आणि लेगिंग चालते. ज्यांना दमा, हृदयाचा त्रास, फिट येणे, वाढलेला रक्तदाब आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. होडीत बसून बघणारीची सहल कमी होत नाही. कोणी नको म्हणाली तर तिला "चल गं, काही होत नाही" असा आग्रह करू नका.

आता मुख्य मुद्दा, होडीचा. मालवणच्या जेट्टीवरून किल्ल्यावर जायला माणशी तिकीट काढून होडीत बसता येते. पूर्ण होडी ठरवायची म्हणजे होडीचे भाडे एकरकमी द्यायचे आणि फक्त आपला गट न्यायचा. समजा, भाडे ३,६०० रुपये ठरले आणि बारा जणी निघाल्या, तर माणशी ३०० रुपये पडतील. पण ऐन वेळी तिघी आल्या नाहीत तर नऊ जणींना ४०० पडतील. म्हणून सहलीची वर्गणी आधी जमा करा आणि गळणारीचे पैसे परत मिळणार की नाही, ते गटाच्या वहीत लिहून ठेवा. प्रवासाहून परतल्यावर याच एका कारणाने गटात अबोला झालेला चालत नाही.

पूर्ण होडीने काय मिळते? अनोळखी माणसे नसतात, त्यामुळे बायका मोकळेपणाने पाण्यात उतरतात. घाई नसते. भीती वाटली तर "परत चला" म्हणता येते. पण काय मिळत नाही, तेही नीट लक्षात घ्या. होडी आपण भाड्याने घेतली म्हणून तिची माणसे घेण्याची मर्यादा वाढत नाही. परवान्यात दहा प्रवासी असतील तर दहाच. मांडीवरचे मूलही मोजायचे. बारा जणी असतील तर मोठी होडी बघा किंवा दोन फेऱ्या करा. "दोघीच तर जास्त आहेत, आपल्याच बायका आहेत" हे समुद्राला कळत नाही.

हे मी भीती घालायला सांगत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि १५ माणसे गेली. बोटीचा परवाना ८४ प्रवाशांचा होता आणि बोटीत शंभरावर माणसे होती. त्याआधी, २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. होडी तेव्हा किनाऱ्याकडे परतत होती. आपल्याला वाटते, किनारा दिसला की धोका संपला. पण उथळ पाण्यात लाट उभी राहते आणि फुटते, म्हणून किनाऱ्याजवळच होडी जास्त हेलकावते. लाइफ जॅकेट जेट्टीवरच घालायचे आणि परत जेट्टीवर पाय टेकल्यावरच काढायचे. मधे फोटोसाठीही काढायचे नाही.

जॅकेट हातात आले की तीन गोष्टी बघा. सगळे बक्कल लागतात का? आतला फोम फाटलेला नाही ना? आणि जॅकेट घातल्यावर मैत्रिणीला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकले तर सैल आहे, पट्टे आवळा किंवा लहान मापाचे मागा. लहान मुलाला मोठ्या माणसाचे जॅकेट घालणे म्हणजे न घातल्यासारखेच. मुलाच्या मापाचे नसेल तर मूल होडीत बसवू नका.

होडीवाल्याला काय विचारायचे? होडीला महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचा परवाना आहे का, प्रवासी किती, जॅकेट प्रत्येकीला आहे का, तांडेलाबरोबर दुसरा खलाशी आहे का. शंका आली तर जवळच्या बंदर कार्यालयात चौकशी करा. तिथे बंदर निरीक्षक असतात आणि विचारणाऱ्याला उत्तर देणे हे त्यांचे काम आहे. भाड्यात काय काय धरले आहे तेही विचारा: मास्क आणि नळी, गाईड, फोटो, किल्ल्यावर थांबणे, देवबागजवळच्या वाळूच्या बेटावर थांबणे, एकूण तास किती. ठरलेले सगळे एका कागदावर किंवा मोबाईलवर संदेश पाठवून पक्के करा.

त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा: समुद्र खवळला तर पैशांचे काय? हे आधी ठरवले नाही तर ऐन वेळी दोन्ही बाजूंचे मन डळमळते. होडीवाल्याला घेतलेली उचल परत द्यायची नसते आणि आपल्यालाही एवढ्या लांब येऊन फुकट परतायचे नसते. मग "बघू, थोडे जाऊन येऊ" अशी तडजोड होते आणि नको त्या दिवशी होडी सुटते. म्हणून आधीच बोलून घ्या, की वाऱ्यामुळे जाता आले नाही तर उचल परत किंवा दुसऱ्या दिवशी फेरी. शक्य असेल तर मुक्काम दोन दिवसांचा ठेवा, म्हणजे हाताशी एक जादा दिवस राहतो. आणि तांडेल "आज नको" म्हणाला तर त्याच्याशी घासाघीस करू नका. तो स्वतःची मजुरी सोडून ते बोलत असतो.

दिवस कोणता निवडायचा? मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत जलपर्यटन बंद असते. त्या काळात कोणी "मी नेतो" म्हणाला तर त्याला नाही म्हणा. पाणी नितळ मिळते ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. त्यातही भांगाचे दिवस चांगले, म्हणजे सप्तमी, अष्टमी, नवमीच्या आसपासचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त असते आणि गाळही उठतो. भरतीची वेळ काढायची आपल्या किनाऱ्यावरची रीत तुमच्यापैकी अनेकींना ठाऊक असेल: तिथीला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास. हा अंदाज आहे, त्यात अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. नक्की वेळ तांडेलाला विचारा. कर्ली नदीच्या मुखाशी जो वाळूचा पट्टा आहे, ज्याला आता त्सुनामी आयलंड म्हणतात, तो ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला त्यावर पाणी चढते. तिथे उतरायचे तर परत कधी निघायचे ते उतरण्याआधी ठरवा. नदीमुखाशी पाण्याला ओढ असते, तिथे पोहायला जाऊ नका.

होडीत बसण्याचीही रीत असते. दोन्ही बाजूंना सारख्या बसा. डॉल्फिन दिसला की सगळ्याजणी एका अंगाला धावतात. डोक्यावरची भरलेली घागर एका बाजूला कलली तर काय होते, ते आपल्याला सांगायला नको. होडीचेही तसेच आहे. बसल्या जागेवरून बघा, डॉल्फिन पुन्हा वर येतोच. होडी लागत असेल तर निघण्याआधी हलके खा, रिकाम्या पोटी किंवा भरपेट जाऊ नका आणि नजर लांब क्षितिजावर ठेवा. लहान होड्यांवर शौचालय नसते, हे लक्षात ठेवून निघा. किनाऱ्यावर थांबलेल्या कोणा एकीकडे होडीचे नाव, निघण्याची वेळ आणि बायकांची यादी द्या. मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि सर्वसाधारण मदतीचा ११२.

आता ज्यांचे घर बघायला आपण जातो त्यांच्याबद्दल. प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ती इवल्या इवल्या जिवांची वसाहत असते. ती फार हळू वाढते. आपण एक पाय ठेवला तर अनेक वर्षांची वाढ मोडते. म्हणून खडकावर उभे राहू नका आणि प्रवाळावर नांगर टाकू नका असे तांडेलाला सांगा. काही ठिकाणी मासे जवळ यावेत म्हणून पाव किंवा बिस्किटे टाकतात. ते टाकू नका, ते माशांचे अन्न नाही. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून घरी आणणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. माशांची पिल्ले याच खडकांत वाढतात आणि पुढे तीच मच्छीमारांच्या जाळ्यात येतात. आपण तिथे जे मोडू, ते कुणाच्या तरी चुलीवरचे कमी होईल.

ज्यांना खोल समुद्र नकोच आहे त्यांनी वेंगुर्ल्याचा विचार करावा. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गट कांदळवनाची सफर चालवतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या कामात बायकाच होडी वल्हवतात आणि कांदळवनाची झाडे, पक्षी, खेकडे यांची माहिती देतात. आपल्यासारखाच बचत गट, आपल्यासारखीच खाडी. कांदळवन आपल्या खाडीतही आहे. त्यांची होडी बघून आल्यावर आपल्या गटात काय बोलणे निघते, ते बघा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला की वहीचे एक पान यासाठी ठेवा. कोण येणार, किती पैसे, तिथी कोणती, होडीचा परवाना किती जणींचा, जॅकेट किती, समुद्र खवळला तर उचलीचे काय. एवढी सहा उत्तरे त्या पानावर आली की मग खुशाल निघा. पोहता न येणारी बाईसुद्धा त्या काचेतून खाली बघते, आणि आजवर फक्त बाजाराच्या पाटीत पाहिलेला मासा तिला जिवंत, आपल्या घरात फिरताना दिसतो. तो बघण्यासाठी एवढी विचारपूस करायला हरकत नाही.