बत्तीस दातांत ३६ क्रमांक कसा?

दंतवैद्याच्या टिपणात '३६' असा आकडा दिसतो. पण दात तर बत्तीसच! खरे म्हणजे हा आकडा 'तीन-सहा' असा वाचायचा. तोंडाचे चार भाग कल्पिले आहेत : वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. प्रत्येक भागात मधून मागे मोजत गेल्यास दोन पटाशीचे दात, एक सुळा, दोन उपदाढा व तीन दाढा, असे आठ दात येतात. म्हणून ३६ म्हणजे खालची डावी पहिली दाढ. उजवे-डावे मात्र रुग्णाचे धरायचे, समोर उभ्या राहिलेल्या मदतनिसाचे नव्हे! तेथे गफलत होऊन ४६ लिहिले गेले, तर निरोगी दाढ उपटली जाण्याचा धोका. आणि ती पुन्हा येत नाही. सांगा पाहू, तुमचा वरचा उजवा सुळा कितवा?