माग थांबले, आकार चालूच राहिला

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग बंद पडले. बीमवरचे तागे अर्धवट राहिले. त्या दिवसांत आजाराविषयी पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच होते. विजेच्या बाजारात काय उलथापालथ झाली याकडे मात्र आपल्या व्यापारी बांधवांनी फारसे लक्ष दिले नाही, असे आम्हास वाटते.

एप्रिल २०२० मध्ये देशाचा वीजवापर आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा सुमारे २३ टक्क्यांनी घटला. कारखाने, दुकाने, रेल्वेगाड्या सारेच थंड. घरातला वापर तेवढा वाढला. भर उन्हाळ्यात रमजान आला, तरावीहदेखील घरीच अदा करावी लागली, तेव्हा पंखा बंद होण्याचा सवालच नव्हता. पण घरच्या पंख्यांनी कारखान्यांची भरपाई होत नाही. माग दोन पाळ्यांत रात्रंदिवस चालतो, त्याचा भार जवळपास सारखा राहतो. घरगुती भार संध्याकाळी चढतो आणि रात्री उतरतो. शिवाय मोठे उद्योग व दुकाने यांना महाग वीज देऊन शेतकरी व लहान घरगुती ग्राहकांचा दर खाली ठेवायचा, अशी आपल्याकडची रीत आहे. नेमके महाग घेणारे गिऱ्हाईकच गेले.

भार एकदम कमी झाला तर वीज यंत्रणेला तोही त्रासच असतो. तारांमधील दाब वाढतो, काही वाहिन्या मुद्दाम बंद ठेवाव्या लागतात. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता ९ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन पंतप्रधानांनी केले होते. मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने घटेल असा यंत्रणेचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली. जलविद्युत केंद्रांनी निर्मिती झपाट्याने खाली आणली, लगेच पुन्हा वर नेली, म्हणून जाळे कोसळले नाही. कोळशाच्या केंद्राला इतक्या घाईने खालीवर होणे जमत नाही.

आता आपल्या खिशाकडे वळू. युनिट शून्य आले तरी बिल शून्य येत नाही, कारण स्थिर आकार किंवा मागणी आकार माग चालो न चालो लागतो. राज्य वीज नियामक आयोगाने ३० मार्च २०२० च्या आदेशात औद्योगिक व व्यापारी ग्राहकांना पुढील तीन बिलांपुरती हा आकार भरण्यास मोहलत दिली. अनेकांनी ती माफी समजली. मोहलत आणि माफी यांतला फरक उधारीचा धंदा करणाऱ्यास सांगावा लागू नये! ईदचा बाजार गेला, कारागीर मे महिन्यात श्रमिक गाड्यांनी गावी गेले, आकार मात्र खात्यावर उभाच राहिला.

गंमत अशी की वीज कंपनीही त्याच फासात होती. तिचे निर्मिती केंद्रांशी करार असतात, वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यावेच लागतात. केंद्राने १३ मे २०२० रोजी वितरण कंपन्यांसाठी ९० हजार कोटी रुपये जाहीर केले, तेही कर्जरूपाने, निर्मिती कंपन्यांची थकबाकी चुकवण्यासाठी.

मीटरवाचन बंद असल्याने राज्यात घरगुती ग्राहकांना हिवाळ्यातील वापरावर सरासरी बिले गेली. जूनमध्ये वाचन झाल्यावर उन्हाळ्याचा फरक एकदम अंगावर आला आणि ओरड झाली. ज्यांनी दरमहा स्वतः आकडा टिपून ठेवला होता, त्यांना निदान वाद घालता आला.

कारखानदारांनी मंजूर भार तपासून पाहावा. काही माग कायमचे विकले, पण भार जुनाच ठेवला, अशी उदाहरणे आमच्या माहितीत आहेत. मागणी आकार लागणाऱ्या जोडणीत वापर कितीही कमी असला तरी मंजूर मागणीचा ठरावीक हिस्सा धरूनच बिल निघते. भार कमी करण्याचा अर्ज द्यावा, मात्र हात राखून. हंगामात सर्व माग एकदम चालले आणि मागणी मंजुरीच्या वर गेली, तर दंडाचा दर लागतो.