आनंदीबाईंच्या कॉलेजचं पुढे काय झालं?

● स्थापना : १८५०, फिलाडेल्फिया. केवळ स्त्रियांना डॉक्टरकी शिकवणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या कॉलेजांपैकी एक. १८६७पासूनचं नाव : वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया.

● मराठी नातं : डॉ. आनंदीबाई जोशी इथल्या १८८६च्या पदवीधर. प्रबंधाचा विषय : आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र.

● माजी विद्यार्थिनी : त्यांची संघटना १८७५ची. वार्षिक सभांचे वृत्तान्त छापले जात. त्यांत सभेत वाचलेले वैद्यकीय निबंधही असत.

● नाव गेलं : १९७०मध्ये मुलांना प्रवेश मिळाला आणि नावातून ‘वुमन्स’ गळालं. पुढे विलीनीकरणं होत होत कॉलेज ड्रेक्सेल विद्यापीठात सामावलं.

● दप्तर राहिलं : पदवीधरांची पत्रं, कागदपत्रं, छायाचित्रं ड्रेक्सेलच्या ‘लेगसी सेंटर’मध्ये जपली आहेत. त्यांतच १८८५चा तो प्रसिद्ध फोटो : साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली.

● वारसा आज : वैद्यकीय शिक्षणातल्या वरिष्ठ पदांसाठी स्त्रियांना तयार करणारा ‘ईलॅम’ हा अभ्यासक्रम १९९५मध्ये याच संस्थेत सुरू झाला. तो आजही चालू आहे.