उभ्या उसावरची हवा

पहाटे वारं नसतं, म्हणून फवारणी पहाटेच उरकावी, असं देवळाली प्रवरेतल्या कुणाही शेतकऱ्याला वाटतं. पाठीवर पंप घेऊन तो आयुष्यभर तेच करत आला आहे. ड्रोनचा पायलट मात्र सहाला येऊन बांधावर नुसता उभा राहतो. बॅटऱ्या गाडीतच असतात. शेतकरी घड्याळ बघतो आणि पायलट धूर बघतो.

हा धूर त्यानेच केलेला. मूठभर पाचट पेटवून वर ओला पाला टाकला की पांढरा, दाट धूर निघतो. डिसेंबरातल्या निरभ्र सकाळी तो पुरुषभर चढतो, दोन पुरुष चढतो आणि तिथंच थबकतो. मग आडवा होतो आणि न विरता उसाच्या शेंड्यांवरून शेजारच्या कपाशीकडं निघतो.

"तात्या, तासभर थांबू. हवा उठली नाही अजून."

"पान हलंना झालंय, आणखी काय पाहिजे तुला?" तात्यांचा आवाज चढलेला.

दोघांचंही बरोबर आहे, पण ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. तात्या वाऱ्याबद्दल बोलतात. पायलट बोलतो हवेच्या उभ्या हालचालीबद्दल, म्हणजे खालची हवा वर आणि वरची खाली येते आहे का, याबद्दल. ही दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि गालालाही लागत नाही, म्हणून धूर करावा लागतो.

निरभ्र रात्री जमीन दिवसभर साठवलेली उष्णता आकाशाकडं सोडत राहते. हवा स्वतः फारशी निवत नाही. जमीन निवते आणि तिला टेकलेली हवा तिच्यासोबत निवते. त्यामुळे पहाटेपर्यंत उलटा प्रकार होऊन बसतो. एरवी वर जावं तसं गार होत जातं, इथं मात्र काही उंचीपर्यंत वर जावं तसं उबदार होत जातं. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात, पायलट इन्व्हर्जन म्हणतात. गार हवा जड, ती खाली बसलेली. उबदार हवा हलकी, ती आधीच वर. कुणालाच जागा बदलायचं कारण उरत नाही. पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखी अवस्था होते आणि धूर त्या झाकणाला अडतो. औषधाचे बारीक थेंबही तसेच अडतात. ते पिकावर बसत नाहीत आणि वर जाऊन पांगतही नाहीत. दाट पट्टा होऊन, जराशा उताराच्या दिशेनं, हळूहळू सरकत राहतात.

याचा आकड्यांतला पुरावा हवा असेल तर तो नगर-मनमाड रस्त्यावर, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडं मिळेल. कृषी वेधशाळांमध्ये दोन प्रकारचे किमान तापमापक असतात. एक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, साधारण चार फुटांवर. दुसरा थेट गवतालगत, उघड्यावर. हिवाळ्यातल्या स्वच्छ रात्रीनंतर गवतावरचा तापमापक पेटीतल्यापेक्षा काही अंशांनी कमी दाखवतो. चार फुटांत एवढा फरक! या वेधशाळांची सकाळची नोंद स्थानिक सरासरी वेळेनुसार सातला घेतात. राहुरीच्या रेखांशावर तेव्हा भारतीय प्रमाणवेळेचे साडेसात वाजलेले असतात. सूर्याला आपलं घड्याळ माहीत नसतं, आणि पिकाचं हवामान मोजायचं तर सूर्याच्याच वेळेनं मोजावं लागतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा ग्रामीण कृषी हवामान सेवेचा सल्ला भारतीय हवामान विभागाचा अंदाज आणि अशा नोंदी यांवर उभा असतो. शेतकरी त्यातला पाऊस तेवढा वाचतो. ड्रोनवाल्यानं वारा आणि आर्द्रतेचे रकाने वाचायला हवेत.

याच विद्यापीठात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेलं ड्रोन पायलट प्रशिक्षण केंद्र आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार फवारणीचं यंत्र उडवायचं तर असं मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलटचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. किमान दहावी पास, वय १८ ते ६५. प्रशिक्षणात नियम, यंत्राची रचना, प्रत्यक्ष उड्डाण असतं, आणि हवामानही असतं. माझी तक्रार त्या हवामानाच्या मापाबद्दल आहे. या विषयाचा पाया मोठ्या विमानांच्या अभ्यासातून आला आहे. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सियस आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल हे प्रमाण वातावरण, दर किलोमीटरला साडेसहा अंशांची घट, ११ किलोमीटरवर संपणारा तपांबर, ढगांचे प्रकार. हे सगळं खरं आहे आणि यावं हेही बरोबर. पण फवारणीचा ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरवर उडतो. त्याचं सगळं आयुष्य त्या ११ किलोमीटरच्या तळाशी, उसाच्या शेंड्यापासून बाभळीच्या टोकापर्यंतच्या हवेत जातं. आणि नेमकी तीच हवा सगळ्यात लहरी असते.

थेंबाचं गणित मांडलं की हे चटकन ध्यानात येतं. शंभर मायक्रॉनचा थेंब, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा, शांत हवेत तीन मीटर पडायला सुमारे ११ सेकंद घेतो. सेकंदाला दोन मीटर वारा असेल तर तेवढ्यात तो वीस मीटर बाजूला जातो. वीस मायक्रॉनच्या थेंबाला तेच अंतर पडायला चार मिनिटं लागतात, आणि चार मिनिटांत तेवढाच वारा त्याला जवळपास अर्धा किलोमीटर नेतो. कुठलाही नोझल एकाच मापाचे थेंब काढत नाही. मोठ्यांबरोबर बारीक येतातच. ड्रोनच्या पंख्यांचा झोत त्यांना खाली दाबतो, हा या यंत्राचा मोठा फायदा. पण झोताच्या कडेला सुटलेले बारीक थेंब हवेच्या स्वाधीन होतात. आणि पलीकडं कपाशी असेल, टोमॅटो किंवा द्राक्ष असेल, नि टाकीत उसातल्या रुंद पानांच्या तणासाठीचं टू-फोर-डी असेल, तर तेवढे थेंबही पुरतात. कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरत जातात, आणि बांधावरचं भांडण दोन पिढ्या चालतं.

साडेसातच्या पुढं ऊन उसाच्या पानांवर येतं. दहिवर आटायला लागतं. ओल्या पानावर फवारलेलं औषध दवाबरोबर पोंग्यात ओघळतं, म्हणूनही थोडं थांबणं बरं असतं. आता पायलट दुसऱ्यांदा पाला टाकतो. या खेपेला धूर तिरपा होऊन वर चढतो आणि चढता चढता विरतो. म्हणजे जमीन तापली, तिच्यावरची हवा उठली, झाकण निघालं. वाऱ्याची मंद, एका दिशेची झुळूक सुरू होते. पायलटला हवी असते ती हीच. वारा अजिबात नसण्यापेक्षा थोडा, ठरल्या दिशेचा वारा बरा, कारण थेंब कुठं जाणार हे कळतं. मग तो वाऱ्याला आडव्या रांगा आखतो, वारा जिकडं जातो तिकडच्या काठानं सुरुवात करतो आणि शेजाऱ्याचं पीक त्या बाजूला असेल तर काठाचा पट्टा सोडून देतो. दहा लिटरची टाकी, एकराला सात ते दहा मिनिटं. उभ्या, डोक्याच्या वर गेलेल्या आडसाली उसात माणूस शिरू शकत नाही. तिथं पांढऱ्या माशीवर, तांबेऱ्यावर किंवा पोक्का बोइंगवर वरून औषध घालायला दुसरा सोयीचा मार्ग नाही.

काम चालतं ते दहा-साडेदहापर्यंत. त्यानंतर दोन गोष्टी बिघडतात. वरच्या थरातला जोराचा वारा उठलेल्या हवेच्या बदल्यात खाली येऊ लागतो आणि झुळकेचे झोत होतात. शिवाय जमीन सारखी तापत नाही. पाणी दिलेला ऊस गार राहतो, शेजारची नांगरलेली काळी रानं भाजून निघतात. त्या सीमेवर ड्रोन एकदम उचलल्यासारखा होतो आणि उसावर आला की बसतो. उन्हाळ्यात अशा रानातून वावटळ उठते, ती ड्रोनला विचारून उठत नाही. उसाची कडही फसवी असते. दहा फुटांच्या भिंतीवरून वारा खाली उतरताना तिच्या आडोशाला भोवरा धरतो, आणि नेमका तिथंच ड्रोन वळवायचा असतो.

दुसरी गोष्ट सुकेपणाची. कोरड्या आणि ओल्या तापमापकांतला फरक दोन ते आठ अंशांच्या दरम्यान असावा, असा फवारणीतला जगभरचा दंडक आहे. दहाच्या वर गेला की थांबायचं. बारा अंश फरक असेल तर शंभर मायक्रॉनचा पाण्याचा थेंब दहाएक सेकंदांत आटतो. पडायला लागणारा वेळ तेवढाच. म्हणजे मार्च-एप्रिलच्या दुपारी फवारलेल्यातला बारीक भाग पिकापर्यंत पोहोचतच नाही.

इथून हवाई अंतरानं तीसेक किलोमीटरवर काकडीला शिर्डीचा विमानतळ आहे. तो १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला. तिथं उतरणाऱ्या वैमानिकाचे प्रश्न मोठे, पण मूळ तेच. धावपट्टी समुद्रसपाटीपासून १,९२६ फुटांवर आहे. मे महिन्यात तापमान ४१ अंश असताना आणि दाब उतरलेला असताना हिशोब मांडला, तर तिथल्या हवेची घनता प्रमाण वातावरणातल्या सुमारे ५,८०० फुटांवरच्या घनतेएवढी निघते. कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर काकडीच्या धावपट्टीखाली जातं! इंजिनाला हवा कमी, पंखाला आधार कमी, धाव जास्त. ड्रोनलाही हेच लागू आहे. विरळ हवेत तेवढंच वजन उचलायला पंखे अधिक वेगानं फिरवावे लागतात आणि बॅटरी लवकर उतरते. मे महिन्यात बॅटरी कमी चालते म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांनी आधी तापमापक बघावा.

हिवाळ्यात तीच विपरीतता काकडीला धुकं आणि धुरकट हवेच्या रूपानं भेटते. प्रवरेच्या कालव्यांनी, १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या पाण्यानं, हा मूळचा अवर्षणाचा पट्टा बागायती केला. ओली जमीन, निरभ्र रात्र आणि अडकलेली हवा एकत्र आली की पुढचं दिसत नाही. डोळ्यांनी बघून उडण्याच्या नियमांत साधारण पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. २०१९ च्या हिवाळ्यात आणि पुन्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये दृश्यमानता कमी पडल्यामुळे शिर्डीची विमानं रद्द होत राहिली.

पावसाळ्याबद्दल थोडकंच. घाटघरला पाच-पाच हजार मिलिमीटर ओतून आलेला वारा राहुरीपर्यंत खाली उतरता उतरता कोरडा पडतो. इथं वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर. त्यामुळे जुलैत ड्रोनला पावसापेक्षा पश्चिमेच्या वाऱ्याचा अडथळा जास्त. खरा धोका वळिवाचा. ढग अजून कोसभर लांब असतो, डोक्यावर ऊन असतं, आणि त्याच्या पोटातून कोसळलेली गार हवा जमिनीवर पसरत धुळीची भिंत पुढं ढकलत येते. गार झोत अंगाला लागला की टाकीत औषध असो नसो, यंत्र खाली घ्यायचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अॅप फोनवर असलेलं बरं, ते आसपासच्या विजेची सूचना देतं. आणि उडवण्याआधी, कुठं उडवायला मनाई आहे ते दाखवणारा डिजिटल स्काय नकाशा बघणं राहुरीकरांना टाळता येत नाही, कारण लष्कराचं के. के. रेंज याच तालुक्याला लागून आहे.

एवढी झंझट कशासाठी, असं विचारणाऱ्यांना यवतमाळ आठवावं. २०१७ मध्ये तिथं कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी उंच वाढलेली, नोझल तोंडाच्या पातळीला. ड्रोननं माणूस त्या फवाऱ्यातून बाहेर काढला, ही त्याची मोठी कमाई. पण माणूस बाहेर आला म्हणून फवारा कुठं जातो, हे बघायची जबाबदारी गेली नाही. ती आता बांधापलीकडच्या माणसापर्यंत वाढली आहे. प्रमाणपत्राच्या अभ्यासात तपांबराची उंची एका प्रश्नापुरती ठेवावी आणि धुराची परीक्षा प्रत्येकाकडून रानात करून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा ड्रोन बोलावताना दर विचारा, पण त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. वारा कुणीकडचा आहे, कोरड्या-ओल्या तापमापकांत फरक किती आहे, आणि धूर वर चढतोय का. बांधापलीकडं काय लावलंय, ते पायलटला आपणहून सांगा. तो थांबू म्हणाला तर थांबा, आणि थांबलेल्या तासाचे पैसे कापू नका.