भारतातील एलजीबीटीक्यू युवकांचे मानसिक आरोग्य

समलैंगिक, उभयलैंगिक, पारलिंगी व इतर क्विअर किशोरवयीन मुलामुलींच्या आणि तरुणांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न भारतात वैद्यकीय व कायदेशीर अशा दोन्ही अंगांनी चर्चिला जातो. या गटात नैराश्य, चिंता व आत्महत्येचे विचार अधिक आढळतात. त्याचे कारण लैंगिकता नसून सामाजिक कलंक, छळ आणि कुटुंबाचा नकार हे असल्याचे अभ्यासक मानतात. अमेरिकी संशोधक इलन मायर यांनी मांडलेली 'अल्पसंख्याक ताण' ही संकल्पना याच कारणमीमांसेवर आधारलेली आहे.

वैद्यकीय भूमिका

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये समलैंगिकता हा मानसिक आजार नसल्याचे जाहीर केले. तरीही लैंगिक कल बदलण्याचा दावा करणारे 'रूपांतरण उपचार' सुरूच राहिले. अशा उपचारांना शास्त्रीय आधार नाही. उलट त्यांमुळे अपराधीपणा व नैराश्य वाढते. बहुधा कुटुंबीयच मुलांना अशा उपचारांसाठी नेत असल्याने अल्पवयीनांना नकार देणे कठीण जाते.

कायदा

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार लैंगिक कलाच्या आधारे उपचारांत भेदभाव करता येत नाही. समाजातील प्रचलित नैतिक मूल्यांशी विसंगत वर्तन हा आजार ठरवण्याचा निकष होऊ शकत नाही. रुग्णाला गोपनीयतेचा हक्कही आहे. मात्र अल्पवयीनांचे नामनिर्देशित प्रतिनिधी सामान्यतः पालकच असतात. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सुषमा खटल्यात लैंगिक कल 'बरा करण्याच्या' प्रयत्नांना मनाई केली. त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने रूपांतरण उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

आरोग्यसेवेतील साहाय्य

स्वीकारशील समुपदेशनात युवकाची ओळख बदलण्याऐवजी त्याच्यावरील ताण कमी करण्यावर भर असतो. रुग्णाला त्याने निवडलेल्या नावाने संबोधणे, लैंगिकता गृहीत न धरता प्रश्न विचारणे, शक्य तेथे पालकांच्या अनुपस्थितीत बोलणे आणि परवानगीविना ओळख उघड न करणे या त्यातील मूलभूत बाबी होत. घरी ओळख उघड झाल्यास शिक्षण किंवा निवारा गमावण्याची शक्यता असल्याने गोपनीयता विशेष महत्त्वाची ठरते. पालकांचे समुपदेशनही तितकेच उपयुक्त असते.

महाराष्ट्रात मुंबईतील हमसफर ट्रस्ट व पुण्यातील समपथिक ट्रस्ट या संस्थांनी या क्षेत्रात काम केले आहे. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.