संघबांधणी : लेखांक नववा – सौदा आणि मुदत

‘राइट टू मॅच’च्या हक्काविषयी या आठवड्यास लिहावयाचे ठरले होते, परंतु विरारच्या एका वाचकाने धाडलेली पृच्छा इतकी मर्मावर बोट ठेवणारी आहे की, तो विषय आठवडाभर मागे ठेवणेच मला इष्ट वाटते. पालघरचा शार्दूल ठाकूर नोव्हेंबर 2025 मध्ये लखनौकडून मुंबई इंडियन्सकडे 2 कोटी रुपयांस आला, याचा त्यांना साहजिकच आनंद आहे; मात्र हार्दिक पंड्यासाठी 15 कोटी मोजणाऱ्या संघाला अशा सौद्यातून काय साधते, आणि लिलावाची वाट न पाहता नामांकित खेळाडू परस्पर अदलाबदलीने केव्हा मिळवावा, असा त्यांचा सवाल आहे.

कोणाच्या मोबदल्यात कोण आला, एवढीच तुलना करून आपल्याकडे निवाडे दिले जातात. माझ्या मते त्यापूर्वी मुदत पाहिली पाहिजे. अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये ब्रुकलिन नेट्सने 2013 साली केविन गार्नेट व पॉल पियर्स या उताराला लागलेल्या दोन दिग्गजांसाठी पुढील कित्येक वर्षांचे नवोदितांच्या निवडीतील आपले हक्क बॉस्टन सेल्टिक्सला लिहून दिले, त्यांतूनच जेलन ब्राउन आणि जेसन टेटम बॉस्टनला लाभले, आणि 2024 चे विजेतेपद बॉस्टनकडे गेले. आयपीएलमध्ये भविष्य असे गहाण टाकताच येत नाही. कारण साधारण तीन वर्षांनी महालिलाव येतो आणि मूठभर खेळाडू वगळता सारा संघ विसर्जित होतो.

शिखर धवनचे उदाहरण सविस्तर घेतो, कारण त्यावरचा प्रचलित निवाडा मला मान्य नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये हैदराबादकडून त्याला आणताना दिल्लीने विजय शंकर, शाहबाज नदीम आणि अवघ्या 18 वर्षांचा अभिषेक शर्मा असे तिघे दिले. त्याच अभिषेकने एप्रिल 2025 मध्ये पंजाबविरुद्ध 55 चेंडूंत 141 धावा कुटल्या, तेव्हा दिल्लीने घरचे रत्न मातीमोल विकले, असा गिल्ला झाला. परंतु 2022 च्या महालिलावापूर्वी हैदराबादनेही अभिषेकला मोकळे केले होते आणि भर लिलावात 6.5 कोटी मोजूनच परत मिळवले होते. म्हणजे 2018 च्या करारनाम्याने त्यांच्या पदरी पडले ते त्याच्या उमेदवारीचे तीन हंगाम, त्याच्या वैभवाचे नव्हेत. त्याच तीन हंगामांत धवनने दिल्लीसाठी अनुक्रमे 521, 618 आणि 587 धावा केल्या, व 2020 मध्ये दिल्ली प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचली.

त्या अंतिम सामन्यात दिल्लीला भोवला तो दुसराच सौदा. रबाडाच्या उपस्थितीत ज्याला पुरेशी संधी मिळत नव्हती, तो ट्रेंट बोल्ट दिल्लीने 2019 मध्ये मुंबईला देऊन टाकला होता. 10 नोव्हेंबर 2020 रोजी दुबईत सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर स्टॉयनिस बाद झाला, तो बोल्टच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षक क्विंटन डी कॉकच्या हाती. आणि हा डी कॉकही 2018 मध्ये बंगळुरूकडून 2.8 कोटींत असाच आणलेला! बोल्टने 3 बळी घेतले व तोच सामनावीर ठरला. दुसऱ्याच्या दरबारात राखीव बसलेला, परंतु आपल्या संघातील नेमकी उणीव भरून काढणारा तारा शोधावा, याहून उत्तम धोरण मला या स्पर्धेच्या इतिहासात दिसलेले नाही.

हार्दिकबाबत माझे मत संमिश्र आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये महालिलावास एकच हंगाम उरला असता मुंबईने त्याला आणले, त्याच वेळी 17.5 कोटींचा कॅमेरॉन ग्रीन बंगळुरूस दिला, आणि 2024 मध्ये संघ दहांत दहावा आला. तरीही या सौद्याबरोबर त्याला महालिलावापूर्वी राखून ठेवण्याचा अधिकार मुंबईस मिळाला, तो तिने 16.35 कोटींस बजावला, आणि 2025 मध्ये संघ दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत गेला. खरेदी योग्यच होती. पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माकडून कर्णधारपद काढून घेण्याचे काम त्याच मोसमात करणे सर्वथा अनुचित होते.

आता शार्दूल. पंजाबहून पुणे, दिल्लीहून कोलकाता आणि आता लखनौहून मुंबई, असे हे त्याचे तिसरे हस्तांतरण. कोलकात्याने 2022 मध्ये त्याला 10.75 कोटींस घेतले आणि एका हंगामानंतर सोडून दिले. मुंबईला तोच गोलंदाज 2 कोटींस, 2026 आणि 2027 असे दोन हंगाम हाती असताना मिळाला आहे. अर्जुन तेंडुलकर 30 लाखांस लखनौकडे गेला, तो व्यवहार स्वतंत्र होता. शार्दूलला या वयात तारांकित म्हणता येणार नाही, हे विरारच्या वाचकांनी मान्य करावे; परंतु 2025-26 च्या मोसमासाठी मुंबईच्या रणजी संघाचा कर्णधार नेमला गेलेला हा खेळाडू वानखेडेवरच वाढलेला आहे, आणि एवढ्या दामात याहून चोख सौदा मुंबईला साधला नसता.

‘राइट टू मॅच’ पुढील आठवड्यास.